खानदेशातील दोन माणसांचे विमान : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

तापीच्या खोऱ्यात लहान विमानाच्या आवाजाची अपूर्वाई आता उरलेली नाही. धुळ्यानजीक गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे विद्यार्थी उड्डाणाचे धडे गिरवितात, शिरपुरास विमानविद्येची स्वतंत्र संस्था चालते, आणि २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशिक्षणाकरिता जी पाच विमानतळे मुक्रर केली त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्या पंक्तीस जळगावचेही नाव होते. या शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे प्रवासी कंपन्यांच्या नोकरीत शिरतात, आणि विमानाची निवड हा प्रश्न त्यांच्यापुढे सहसा येतच नाही. परंतु ज्या दांपत्यापैकी एकाच्या हाती खासगी वैमानिकाचा परवाना आहे, ज्यांची मुले मार्गी लागली आहेत, ज्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर आरंभिली आहे, आणि तरीही जळगावाहून पुण्यास किंवा धुळ्याहून अहमदाबादेस प्रवासात रात्र न घालविता दीड-दोन तासांत पोहोचावे अशी ज्यांची मनीषा आहे, त्यांना कोणते लहान विमान सोयीचे आणि सुखाचे, हा प्रश्न खरोखर विचारात पाडणारा आहे. अशी दांपत्ये थोडी आहेत हे मान्य. पण धावपट्टी घरापासून अर्ध्या तासावर आली की जी गोष्ट काल केवळ ऐश्वर्याची वाटत होती ती आज निदान चर्चेच्या कक्षेत येते.

या विषयावरील वाद आजवर वेग, पल्ला आणि किंमत या तीन बाबींभोवती फिरत आला. चढणे-उतरणे, बसणे, उष्मा सोसणे आणि शेजारच्या आसनावरील माणसाची निश्चिंतता या गोष्टी पुष्कळदा अखेरच्या परिच्छेदात येत. अलीकडे हा क्रम बदलू लागला आहे, आणि माझ्या मते तो बदलणे योग्यच आहे. कारण ज्या विमानात पत्नीला किंवा पतीला चढणेच नकोसे वाटते, ते विमान कितीही वेगवान असले तरी हँगरातच धूळ खात राहणार.

पूर्वपीठिका

मुंबई आणि दिल्ली येथील फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाले, तेव्हा त्यांच्या पदरी असलेली डी हॅविलंड मॉथ ही विमाने उघडी होती आणि त्यांतील दोन आसने एकामागे एक होती. पुढच्याचे मागच्याला ऐकू जावे म्हणून नळीतून बोलावे लागे, आणि वाऱ्यापासून बचावासाठी चामडी शिरस्त्राण व चष्मा हा वेष अपरिहार्य होता. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो याच काळात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले ते मात्र पस मॉथ या विमानातून, आणि हा फरक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कारण पस मॉथ हे बंदिस्त खोलीचे, वर पंख असलेले, अंगावरच्या साध्या कपड्यांनिशी प्रवास करता यावा अशा हेतूने घडविलेले विमान होते. त्यानंतर आलेल्या हॉर्नेट मॉथमध्ये दोन्ही आसने शेजारी-शेजारी आली. दोन माणसांनी एकत्र प्रवास करावयाचा तर एकमेकांची तोंडे दिसली पाहिजेत, ही साधी गोष्ट त्या आराखड्यात उतरली होती.

आपल्याकडे या विचाराचे देशी रूप म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टचे पुष्पक. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ज्या बंगळूरच्या कारखान्याने १९५१ साली एचटी-२ उडविले, त्याच कारखान्यातून १९५८ साली हे वरच्या पंखाचे, शेजारी-शेजारी दोन आसनांचे विमान बाहेर पडले आणि देशभरच्या क्लबांतून वाटले गेले. पुष्पकाची खोली अरुंद होती आणि इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे. पण क्लबांतील एका संबंध पिढीच्या हातापायांना त्याची सवय होती. त्याचे उत्पादन थांबल्यावर ती जागा अमेरिकन सेस्ना आणि पायपर यांनी घेतली. १९५५ साली प्रथम उडालेले सेस्ना १७२ आज ४४ हजारांहून अधिक संख्येने निर्माण झालेले आहे, आणि लहान विमानाचे चित्र काढावयास सांगितले तर कोणीही नकळत त्याचेच चित्र काढील.

दार, पायरी आणि पंख

वादाचा पहिला आणि सर्वांत जुना मुद्दा पंख वर असावा की खाली, हा आहे. वरच्या पंखाचा कैवार घेणारे म्हणतात की चढणे सोपे. सेस्ना १७२ मध्ये बसावयाचे म्हणजे काय, ते नीट पाहू. आसन आधी रुळावरून मागे सरकवून घ्यावे लागते, चाकाच्या दांड्यावरील लहान पायरीवर एक पाय टेकावा लागतो, दाराच्या खांबाला हात देऊन पाठ आसनाकडे करावी लागते, मग बसून दोन्ही पाय सुकाणूच्या खालून आत ओढून घ्यावे लागतात. यात गुडघा एकदाच वाकतो आणि शरीराचा भार एका पायावर क्षणभरच येतो. सहावारी नेसलेल्या बाईलाही हे कोणाच्या हाताविना जमते. शिवाय खानदेशातील उन्हात तोच पंख उभ्या माणसावर सावली धरतो, आणि पावसात दार उघडले तरी आसन भिजत नाही. याच्या उलट बाजूला दोन उणिवा आहेत : पंखाची मागची कड बेसावध माणसाच्या नेमकी कपाळाशी येते, आणि टाकीत इंधन भरावयाचे तर शिडी लागते.

खालच्या पंखाच्या पायपर चेरोकीत प्रवेश वेगळ्याच रीतीने होतो. दार एकच आणि तेही उजव्या हाताला. पंखाच्या मागील पायरीवरून वर चढावे, पंखावरील काळ्या खरखरीत पट्टीवरून दोन पावले चालावीत, वाकून आत शिरावे; वैमानिकाने आधी जाऊन पलीकडच्या आसनावर सरकावे आणि मग दुसऱ्याने त्याच्यामागून यावे. उतरताना हाच क्रम उलटा, म्हणजे दाराजवळच्या माणसाचे पाय आखडले असतील तर वैमानिकही आतच अडकला. या आक्षेपाला खालच्या पंखाच्या पुरस्कर्त्यांजवळ तोडीचे उत्तर आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. ज्यांच्या पायांत शक्तीच नाही पण दंडांत आहे, अशा चाकाच्या खुर्चीवरील वैमानिकांना खालचा पंखच सोयीचा पडतो. खुर्ची पंखाशी लावावी, पंखावर बसावे आणि हातांच्या जोरावर मागे-मागे सरकत आसनापर्यंत जावे. अपंगांना उड्डाण शिकविणारी इंग्लंडातील एरोबिलिटी ही संस्था एरवी पायांनी चालणारा रडर हाताने चालविण्याची जोडणी बसविलेली पायपर विमाने वापरते. तेव्हा सुगमता म्हणजे कोणाची सुगमता, हे आधी ठरविल्याशिवाय पंखाचा वाद निकालात निघत नाही. दुखऱ्या गुडघ्याला वरचा पंख मानवतो, लुळ्या पायांना खालचा.

या दोहोंच्या मधले काही मार्ग आहेत. सेस्नानेच १९६८ ते १९७८ या काळात बनविलेले १७७ कार्डिनल हे विमान आजही या विषयातील मानदंड समजले जाते, कारण त्याच्या पंखाला तिरपा आधारदांडा नाही, तळ जमिनीपासून कमी उंचीवर आहे आणि दोन्ही रुंद दारे जवळजवळ काटकोनात उघडतात. दुर्दैव एवढेच की त्याचे उत्पादन बंद होऊन जवळजवळ अर्धशतक लोटले आहे. इटलीचे टेकनाम पी-२०१० मागच्या प्रवाशांना स्वतंत्र दार देते. जर्मनीचे फ्लाइट डिझाइन सीटी हे अवघे दोन आसनांचे असून आतून सुमारे १२४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे १०० सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या सेस्ना १७२ पेक्षा बरेच मोकळे. ऑस्ट्रियाच्या डायमंड डीए-४० चे काचेचे झाकण पुढे उचलले जाते आणि आत जाताना कडेवरून पाय उचलून टाकावा लागतो, जे साठीच्या माणसाला नेहमीच जमेल असे नाही. शिवाय ही काच मे महिन्यात आतली हवा किती तापविते हे निराळे सांगावयास नको. अगदी वेगळे उत्तर १९३७ साली अमेरिकेत फ्रेड वीक यांनी दिले : त्यांच्या एरकूपमध्ये रडरची पेडल नव्हतीच, ते काम सुकाणूच करी. जन्मतः हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी २००८ साली पायांनी उडवून परवाना मिळविला तो याच विमानावर.

दार हा चढण्याचा जितका, तितकाच सुटण्याचाही मार्ग असतो. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डीनजीक, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक शिकाऊ विमान कोसळले; प्रशिक्षक मृत्युमुखी पडले आणि विद्यार्थिनी जखमी झाली. डोंगरातील आदिवासी बंधुभगिनींनी तिला बाहेर काढले, आणि एका स्त्रीने अंगावरचे लुगडे सोडून दिले त्याची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत नेण्यात आले. त्या अपघाताची कारणे हा येथील विषय नाही. पण दोन्ही बाजूंस दार असावे असा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे प्रसंग आठवले म्हणजे अधिक गंभीरपणे घ्यावेसे वाटते.

उन्हाळा आणि वजन

दुसरा मुद्दा खानदेशाचा खास आपला आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत तो शोधून सापडावयाचा नाही. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांस टेकला म्हणजे हवा इतकी विरळ होते की पंख आणि इंजिन यांना आपण सुमारे १४०० मीटर उंचीवर आहोत असे भासते. म्हणजे जळगावात उभे असलेले विमान महाबळेश्वराच्या पठारावरून उडावे तसे उडते. १८० अश्वशक्तीच्या साध्या इंजिनाची जवळजवळ सातवा हिस्सा शक्ती अशा वेळी नाहीशी होते, जमिनीवरील धाव दीडपटीकडे जाते, आणि वर चढण्याचा वेग सर्वांत आधी मंदावतो. आपल्या धावपट्ट्या लांब असल्यामुळे धाव पुरते. पण उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग असल्यामुळे चढ पुरेलच अशी शाश्वती दुपारी बाळगता येत नाही.

म्हणून दोघांसाठी दोनच आसनांचे विमान घ्यावे की चार आसनांचे, हा वाद येथे वेगळे वळण घेतो. दोन आसनांचे विमान स्वस्त, हलके आणि इंधनास किफायती. परंतु सेस्ना १५२ सारख्या ११० अश्वशक्तीच्या विमानात टाकी पूर्ण भरली की माणसे व सामान मिळून १९० किलोंच्या आसपासच उरतात, आणि दोन धट्टेकट्टे खानदेशी माणसे अधिक गावाकडून निघताना दिलेली केळी व कळण्याच्या पिठाची पिशवी एवढ्यानेच ती हद्द गाठली जाते. चार आसनांचे १७२ घेऊन मागची दोन्ही आसने रिकामी ठेवली तर तेच दांपत्य, त्यांचे सामान, हवे तर घडीची चाकाची खुर्चीसुद्धा नेऊनही वजनाला जागा उरते. या प्रश्नात माझा कल स्पष्ट आहे : आपल्या हवेत चार आसनांचे विमान हेच दोन माणसांचे खरे विमान होय. दोन आसनांच्या नव्या, कार्बन तंतूंच्या हलक्या विमानांचे अभिमानी याला हरकत घेतील. त्यांची हरकत पहाटे पाच ते आठ या वेळेपुरती मला मान्य आहे. वातानुकूलनाचा उपाय सिरस आणि डायमंड या कंपन्यांच्या विमानांत मिळतो, मात्र ते यंत्र स्वतःचे वजन आणि इंजिनाची थोडी शक्ती या दोहोंची वसुली करतेच.

शेजारच्या आसनावरील माणूस

सुखाची चर्चा गादी आणि रुंदी यांवर थांबते, पण परवाना नसलेल्या जोडीदाराचे सुख मुख्यतः मनाचे असते. वैमानिकाला वाटेत भोवळ आली तर काय, ही शंका तोंडावर येत नाही. ती मनात मात्र असतेच. तिच्यावर दोन प्रकारचे इलाज सुचविले जातात. सिरसच्या विमानांत संबंध विमानाला जमिनीवर उतरविणारी हवाई छत्री असते, आणि छताशी असलेली मूठ ओढण्यास परवाना लागत नाही. २०२५ साली त्याच कंपनीने एक कळ दाबताच विमान आपोआप धावपट्टीवर उतरविणारी योजनाही आपल्या पिस्टन इंजिनाच्या विमानांत आणली. दुसरा पक्ष म्हणतो की यंत्रावर एवढा पैसा घालण्यापेक्षा जोडीदाराला रेडिओवर बोलणे, विमान सरळ ठेवणे आणि निकडीच्या वेळी जमिनीवर टेकविणे एवढे शिकवावे. अमेरिकेत असे अभ्यासक्रम फार पूर्वीपासून चालतात. जळगाव, धुळे आणि शिरपूर येथे प्रशिक्षक आहेत, विमाने आहेत. असा अभ्यासक्रम येथे सुरू करण्याची तजवीज कठीण नसावी. या दुसऱ्या मार्गाने शेजारचे माणूस प्रवासी न राहता भागीदार होते, आणि माझ्या दृष्टीने तोच त्याचा मोठा गुण आहे.

याच सदरात एक लहान पण जिवाची बाब नोंदविली पाहिजे. चालू पंख्याच्या वाऱ्यात पदर, ओढणी किंवा उपरणे उडते, आणि पंखा फिरत असताना तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जोडीदाराने इंजिन सुरू होण्यापूर्वी चढावे, पूर्ण थांबल्यावरच उतरावे आणि नेहमी विमानाच्या मागील बाजूने जवळ यावे, हा नियम कोणत्याही विमानास सारखाच लागू आहे.

इंधन, खर्च आणि मालकी

इंजिनाची निवड वरवर तांत्रिक दिसते, पण तिच्यावरच विमान प्रत्यक्ष किती उडेल हे ठरते. सेस्ना-पायपर जातीच्या विमानांच्या इंजिनांना एव्हगॅस हे खास विमानाचे पेट्रोल लागते, आणि ते वर्षानुवर्षे परदेशातून येत असे. २०२२ साली इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या आपल्या शुद्धीकरण कारखान्यात काढावयास प्रारंभ केला, ही खानदेशाला भूगोलाच्या दृष्टीने अनुकूल घटना होय. मात्र या इंधनात शिसे असते, आणि अमेरिकेने २०३० अखेर ते बंद करण्याचे उद्दिष्ट ठेवले असल्यामुळे आज घेतलेल्या इंजिनाच्या उत्तरायुष्यात काय होईल याचा विचार करणे भाग आहे. डायमंडची डिझेल-पद्धतीची इंजिने प्रवासी जेट विमानांचेच इंधन पितात. ते मोठ्या विमानतळांवर सहज मिळते आणि लागतेही कमी. रोटॅक्स इंजिनांची हलकी विमाने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात हा त्यांचा मोठा आधार समजला जाई. पण उत्पादकाची मुभा १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे आणि आपल्या पंपांवरील पेट्रोल आता २० टक्क्यांवर गेले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने सिद्ध केलेले, ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडालेले हंसा-एनजी हे देशी दोन आसनी विमानही रोटॅक्सवरच चालते, त्यामुळे हा पेच केवळ हौशी मालकांचा राहत नाही.

खर्चाच्या बाबतीत नवे विमान घ्यावे या पक्षाची बाजू २२ सप्टेंबर २०२५ पासून अवघड झाली आहे, कारण त्या दिवसापासून वैयक्तिक वापराच्या विमानावरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. जुने विमान स्वस्तात पडते, पण त्याचे सुटे भाग आणि दस्तऐवज यांची पूर्तता हे एक स्वतंत्र दप्तरच होऊन बसते. तिसरा पक्ष क्लबाचे विमान तासाच्या भाड्याने घ्यावे असे सांगतो. परंतु शिकाऊ विमाने शिकविण्यासाठी घेतलेली असतात, आणि त्यांत आरामशीर आसन किंवा जादा पायरी बसविण्यात क्लबाला स्वारस्य असण्याचे कारण नाही. तीन-चार कुटुंबांनी मिळून एक विमान घेणे हा मधला तोडगा मला व्यवहार्य वाटतो, फक्त त्या सर्वांच्या गुडघ्यांच्या तक्रारी सारख्याच असाव्यात.

देशात बनविण्याच्या प्रयत्नांपैकी एक तर थेट आपल्या खानदेशाशी जोडलेला आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनांचे विमान २०१६ साली मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, आणि २०२० साली त्याच्या उड्डाणचाचण्या धुळ्याच्याच धावपट्टीवर झाल्या. देशी आराखडा देशी अंगकाठीला आणि देशी वस्त्रांना जुळवून घेणे शक्य आहे, ही आशा त्यामुळे अस्थानी वाटत नाही. मात्र चाचणीपासून विक्रीपर्यंतचा पल्ला अद्याप कापावयाचा आहे.

अद्याप अनिर्णित

काही प्रश्न तूर्त खुलेच आहेत. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. परंतु अपंग प्रवाशांविषयीचे जे नियम आज आहेत ते मुख्यतः प्रवासी कंपन्या आणि विमानतळ यांना उद्देशून आहेत, आणि चार आसनांच्या खासगी विमानात हाताने चालणारा रडर किंवा जादा पायरी बसविणाऱ्या मालकाला सोपी वाट कशी मिळावी हे ठरावयाचे आहे. शिसेविरहित इंधन आपल्याकडे कोणते आणि केव्हा येणार, यावर जुन्या इंजिनांचे मोल अवलंबून राहील. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आणखी वाढले तर रोटॅक्सच्या मालकांनी एव्हगॅसकडे वळावे की उत्पादकाने इंजिन बदलावे, याबाबत जाणत्यांत एकमत नाही. आणि विमानापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न तर विमानाच्या निवडीत मोडतच नाही : गोंदूरला किंवा जळगावला हँगराच्या सावलीत एक मजबूत, चाके असलेली, दोन्ही बाजूंस कठडा असलेली तीन पायऱ्यांची शिडी ठेवली, तर वरच्या आणि खालच्या पंखातील निम्मा वाद मिटेल; ती शिडी मालकाने आणावी, क्लबाने ठेवावी की विमानतळाच्या अंमलदारांनी पुरवावी, एवढेच ठरावयाचे आहे.